लाइनचा फॉल्ट

"शेवटचं नीट बोलल्या कधी त्या? अंदाज नको, काका. नक्की वेळ सांगा."

डॉ. येवले मॅडम हातात छोटी बॅटरी धरून विचारत होत्या. उजेड माझ्या बायकोच्या, नलिनीच्या डोळ्यांवर होता आणि नलिनी छताकडे बघत होती. तिचं तोंड उजव्या बाजूला उतरलं होतं. उजवा हात कॉटवरून खाली लोंबत होता. मी तो उचलून तिच्या पोटावर ठेवला. तो पुन्हा घसरला.

मी मोबाईल काढून कॉलची यादी बघितली. "दहा चाळीस. मला फोन केला होता तिनं."

"बोलणं स्पष्ट होतं?"

"हो. येताना पापडखार आणा म्हणाली."

"आणखी काही बोलणं झालं?"

"नाही. मी कामात होतो. बरं म्हणून ठेवला."

मॅडमनी पेन काढून स्वतःच्या तळहातावर लिहिलं, १०.४०. त्याच्याखाली लिहिलं, ३.१०. मग तो हात माझ्यासमोर धरला.

"हे बघा. साडेचार तास. तेवढ्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं, नंतर नाही. आणि तेवढ्यातसुद्धा जितकं लवकर तितकं मेंदूचं नुकसान कमी. आता बारा वीस झालेत. पण आधी स्कॅन. आत गुठळी असेल तर त्या इंजेक्शननं वाचतील. रक्तस्राव असेल तर त्याच इंजेक्शननं जातील. कळतंय ना?"

"कळतंय."

"मिरजेला न्यायचं म्हटलं तर अडीच तास. तिथं परत नंबर, परत स्कॅन. बसणार नाही वेळेत. जे करायचं ते इथंच."

तांबोळीनं स्ट्रेचर ओढलंसुद्धा. इरफान तांबोळी आमच्या स्कॅन मशीनवर होता, चाळिशीचा, एरवी सारखा काहीतरी गमतीचं बोलणारा. त्या दिवशी नुसतं "चला वहिनी" म्हणाला.

मी त्याच दवाखान्यात नोकरीला होतो. कॉम्प्युटर, प्रिंटर, इंटरनेट, सगळं माझ्याकडे. त्याआधी सत्तावीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. लोकांच्या घरचे फोन गेले की दोष कुठं आहे ते एक्स्चेंजमध्ये बसून शोधायचं, हे माझं काम. दोषाला आम्ही फॉल्ट म्हणायचो. खात्यानं एक गोष्ट अंगात मुरवली होती. आधी टेस्ट, मग तक्रार, मग पुन्हा टेस्ट. आकडा लिहिलेला नसेल तर आमचे साहेब तक्रार वाचायचेसुद्धा नाहीत. खात्यातून लवकर बाहेर पडलो आणि इथं लागलो, तरी ती सवय गेली नाही.

आमच्या तालुक्याच्या गावात स्कॅनचं मशीन आलं होतं, पण ते वाचणारा डॉक्टर नव्हता. स्कॅनचे फोटो इंटरनेटवरून पुण्याला जायचे, तिथला डॉक्टर बघून रिपोर्ट पाठवायचा. सात-आठ मिनिटांत फोटो पोहोचायचे. इंटरनेट पोपट कोळेकरचं. पोपट गावचा केबलवाला. लग्नाला लाउडस्पीकर आणि टीव्हीचं केबल यातून वर आलेला, आता विजेच्या खांबांवरून फायबर ओढून अख्ख्या गावाला इंटरनेट देत होता.

गेला दीड महिना त्याची लाइन मध्येच मंद व्हायची. मी फोन केला की तो म्हणायचा, "साहेब, आमच्याकडनं फुल्ल हाय." दवाखान्याच्या ट्रस्टच्या सेक्रेटरींना सांगितलं तर ते म्हणाले, "लोखंडे, तोंडी नको. लेखी पुरावा आणा, मग बघू त्याच्याकडे."

म्हणून स्कॅन पुण्याला पाठवणाऱ्या आमच्या सर्व्हरवरच मी टेस्ट लावली. सर्व्हरवर चित्रं नसतात, माऊस नसतो. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. आपण एक शब्द टाइप करून एंटर मारायचं. तो लांबच्या एका मशीनला गाठतो, तिथून बराच माल खाली ओढतो, मग इथून वर ढकलतो आणि शेवटी तीन आकडे देतो. हाक मारल्यावर ओ यायला लागलेला वेळ, खाली यायचा वेग, वर जायचा वेग. मी ते आपोआप होईल असं करून ठेवलं होतं. दर पंधरा मिनिटांनी टेस्ट, आणि आकडे एका फाइलमध्ये जमा.

स्कॅन पावणेएकला झाला. तांबोळीनं बटण दाबलं आणि मला म्हणाला, "गेलं बघा काका. एकपर्यंत रिपोर्ट."

एक वाजता मी त्याच्यामागे उभा होतो. पडद्यावर लिहिलं होतं, तीनशे चाळीसपैकी चार.

"चारच राहिलेत?"

"नाही काका. फक्त चार गेलेत."

मॅडम दारात आल्या. "काय झालं?"

"लाइन," मी म्हणालो. "मी बघतो."

सर्व्हरची खोली जिन्याखाली होती. आत एक टेबल, एक खुर्ची, कपाटाएवढा रॅक आणि एसी. मी बसलो आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर टेस्ट. शब्द टाइप केला, एंटर मारलं. ठिपके आले. एरवी मिनिट-सव्वा मिनिटात संपायचं, ते तीन मिनिटं चाललं. वर जायचा वेग, शून्य पूर्णांक तीन. आम्हाला कबूल केलेला होता दहा.

पोपटला फोन लावला.

"पोपट, अपलोड मेलंय. शून्य पूर्णांक तीन."

"साहेब, आमच्याकडनं फुल्ल हाय."

"तुझं फुल्ल घाल चुलीत. माझी बायको आत पडलीय. तिचा स्कॅन अडकलाय. तीनच्या आत इंजेक्शन गेलं नाही तर ती जाईल, कळलं?"

तो म्हणाला, "वहिनी? निघालो."

मी परत टेस्ट केली. शून्य पूर्णांक दोन.

तांबोळी खाली आला. "नऊ गेलेत. काका, मोबाईलवरून पाठवता येतंय का बघू."

मोबाईल सर्व्हरला वायरनं जोडला. त्या खोलीत बोलण्यापुरती रेंज यायची, मोबाईलचं इंटरनेट चालायचं नाही. वायर तीन फुटांची होती. सर्व्हर उचलून बाहेर नेता येत नाही. पेन ड्राइव्हवर घेऊन दुसरीकडून पाठवायचं तर पुण्याचं सॉफ्टवेअर फक्त आमच्या सर्व्हरकडूनच माल घेतं. हे सगळं मी तांबोळीला सांगितलं. तो म्हणाला, "मग पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲप करतो डायरेक्ट डॉक्टरला," आणि वर पळाला.

पाच मिनिटांनी मी वर गेलो. मॅडम फोनवर बोलत होत्या. स्पीकर चालू होता. पुण्याचा डॉक्टर सांगत होता, "फोटोत मोठं रक्त दिसत नाही. पण बारीक असेल तर या फोटोत कळणारच नाही. मला पूर्ण फाइल हवी. अशा फोटोवर मी लेखी देणार नाही."

"लेखी नको, तोंडी सांगा. देऊ का?"

"तुमच्या जागी असतो तर थांबलो असतो."

मॅडमनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्या चौतीस वर्षांच्या होत्या. माझ्या मुलीपेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या.

"मला पण रक्त दिसत नाही, काका. पण मी मेंदूची डॉक्टर नाही. मी दिलं आणि आत बारीक रक्त असलं, तर मीच मारलं असं होईल. दोन पंचावन्नपर्यंत वाट बघते. त्यानंतर तुम्ही सही द्या, मी देते."

"आत्ताच देतो सही."

"नाही. तोपर्यंत लाइन चालू करा. ते तुम्हाला येतं, मला नाही."

नलिनीच्या कॉटजवळ शेजारच्या कमलताई बसल्या होत्या. त्यांच्या हाताला अजून पापडाचं पीठ होतं. "भाऊजी, लाटता लाटता लाटणं सुटलं हातातनं," त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. "मी म्हटलं, दमल्या असतील. जरा बसवलं. पाणी दिलं. मला काय माहीत."

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणालो.

नलिनीनं माझ्याकडे बघितलं. तिला काहीतरी बोलायचं होतं. तोंडातून "ब, ब" असा आवाज आला. ती थांबली. परत प्रयत्न केला. परत तेच. मग तिच्या डोळ्यांत जे आलं ते भीतीपेक्षा वेगळं होतं. आपलाच हात आपल्याला सापडत नसावा, तसं काहीतरी ती शोधत होती. मी तिचा डावा हात दाबला आणि खाली पळालो.

एक चाळीस. टेस्ट. शून्य पूर्णांक एक.

पोपटचा फोन आला. "साहेब, बाजारपेठेतला जॉइंट ओके. शाळेजवळचा ओके. पॉवर ओके. आता तुमच्या गेटच्या खांबावर चढतोय."

"तिथंच असेल. बघ नीट. उंदरानं कुरतडलं असेल."

"उंदीर खांबावर कशाला यील साहेब."

"मग माकड असेल. बघ म्हणतो ना."

एप्रिलचं ऊन होतं. जिन्याच्या खिडकीतून तो खांब दिसायचा. पोपट वर चढला होता, डोक्याला ओला टॉवेल बांधून. एका हातानं खांब धरून दुसऱ्या हातानं पेटी उघडत होता. मी त्याच्याकडे बघत मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो. ज्या शिव्या मी खात्यात कुणाला दिल्या नाहीत, त्या.

रॅकमधलं राउटर बंद करून चालू केलं. दोन मिनिटं ते उठायला लागलं. उठल्यावर तांबोळी वरून ओरडला, "काका, जोरात चाललंय. वीस, पंचवीस." मी टेबलावर डोकं टेकलं. मग त्याचा आवाज आला, "थांबलं. परत थांबलं."

टेस्ट केली. लागोपाठ दोन टेस्ट केल्या. एक तर आकडा न देताच पडली.

दोन वाजून पाच मिनिटं. पोपटचा फोन.

"साहेब, हितं पण ओके. लाइट पाहिजे तेवढी येतीय फायबरमधनं."

"पोपट, खोटं बोलू नको. पाया पडतो तुझ्या."

"खोटं कशाला बोलू. ऐका तरी. माझ्या मोबाईलवर तुमच्या लाइनचा ग्राफ हाय. तुमच्याकडनं माल वर चाललाय, भरून चाललाय. नळ पूर्ण सोडलाय तुम्ही. आणि वर मला म्हणताय पाणी येईना."

"तो स्कॅन चाललाय."

"स्कॅन कवा काढला?"

"पावणेएकला."

"मग हे पावणेअकरापासनं काय चाललंय?"

पोपट "हॅलो, हॅलो" करत होता. मी फोन टेबलावर ठेवला.

पावणेअकरा.

काळ्या पडद्यावर मी चालू असलेल्या कामांची यादी मागितली. ओळी खालून वर पळत गेल्या आणि थांबल्या. एकाच नावाच्या ओळी. पडद्यावर मावत नव्हत्या. मोजायला लावल्या. सदतीस.

सगळ्या टेस्टच्या होत्या.

आदल्या संध्याकाळी पोपट मला चौकात भेटला होता. पंधरा मिनिटांच्या आकड्यांचा कागद मी त्याच्यापुढे धरला, तेव्हा तो चार लोकांत हसला होता. "पंधरा मिनिटानं एकदा बघून काय कळतंय साहेब? मधल्या चौदा मिनिटांत फुल्ल असतंय. मिनिटामिनिटाला बघा की." मला ते झोंबलं. रात्री डोक्यात तेच. सकाळी आलो, दोन-तीन कामं हातावेगळी केली आणि सर्व्हरपुढे बसलो. कुठलं काम किती वाजता करायचं ते एका ओळीत लिहावं लागतं. पहिल्या जागेवर मिनिटं. तिथं पंधरा होते, ते काढून मी एक केला. ते करत असतानाच फोन वाजला होता. पापडखार आणा. बरं. ठेव.

टेस्ट म्हणजे लाइनला जितकं पेलवेल तितकं ओझं टाकून बघणं. ती लाइन रिकामी ठेवतच नाही. दर मिनिटाला एक. पहिली संपायच्या आत दुसरी आली की दोघींचा वेग निम्मा होणार, दोघींना दुप्पट वेळ लागणार, तेवढ्यात तिसरी येणार. साडेतीन तासांत त्या अशा साचत गेल्या होत्या. काही पडत होत्या, त्यांच्या जागी नव्या येत होत्या. त्यात मी बसल्या जागेवरून आणखी टाकत होतो. आणि नलिनीचा स्कॅन त्या सगळ्यांच्या मागे उभा होता.

मी ती ओळ पुसली. मग सदतीसच्या सदतीस एका शब्दात मारल्या. शब्द दोनदा चुकला.

वरून तांबोळीचा आवाज आला. "काका. ऐंशी. शंभर. काका, चाललं. दीडशे."

मी उठलो नाही. पुसलेल्या ओळीच्या जागेकडे बघत बसलो.

दोन तेराला सगळे फोटो गेले. दोन एकवीसला पुण्याहून फोन आला, रक्तस्राव नाही, द्या. दोन सव्वीसला मॅडमनी इंजेक्शन सुरू केलं. मी कॉटजवळ गेलो तेव्हा तांबोळीनं माझ्या पाठीवर थाप मारली.

"काय होतं हो काका?"

कमलताई बघत होत्या. नर्स बघत होती. मॅडमनी सलाईनवरची नजर उचलून माझ्याकडे बघितलं.

"लाइन होती," मी म्हणालो.

"पोपट्या," तांबोळी म्हणाला. "याला एकदा दाखवायला पाहिजे."

मी नलिनीची चादर सारखी केली. तिचं सगळं लक्ष त्या सलाईनच्या थेंबांकडे होतं.

नलिनी वाचली. आठव्या दिवशी उठून बसली, दीड महिन्यात काठी घेऊन चालायला लागली. उजव्या हातात निम्मी ताकद आली. वाचा मात्र आली नाही. हो, नको, बाई, आणि कधीमधी आमच्या मुलीचं नाव, वैजू. एवढेच शब्द राहिले. ऐकलेलं सगळं कळायचं. बोलायला गेली की शब्द सापडायचा नाही आणि ती हात झटकून गप्प व्हायची. लग्न झाल्यापासून घरात बोलायचं काम तिनंच केलं होतं. मी "बरं" म्हणणारा.

मी मॅडमना एकदा एकटं गाठून विचारलं. "सव्वाएकला इंजेक्शन मिळालं असतं तर वाचा राहिली असती?"

"सांगता येत नाही, काका."

"तरी."

त्यांनी स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. "शक्यता बरीच होती. पण असं मोजत बसू नका. आपण वेळेत बसलो, हे धरा."

सेक्रेटरींनी मला बोलावलं. "लोखंडे, तो पुरावा आहे ना तुमच्याकडे? त्या दिवसाचा?"

फाइल होती. पावणेअकरापासून मिनिटामिनिटाचा आकडा. नऊ, सहा, दोन, एक, शून्य पूर्णांक एक. एकही आकडा खोटा नव्हता. मी ती छापली, प्रत्येक पानावर सही केली आणि दिली. पोपटचा करार त्याच आठवड्यात रद्द झाला. मग शाळेनं त्याची लाइन काढली, पतसंस्थेनं काढली. गावात बोलणं एकच होतं, याच्या वायरीपायी लोखंडेंची बायको मुकी झाली.

दवाखान्याच्या वर्धापनदिनी माझा सत्कार केला. बायको मरणाच्या दारात असताना डोकं शांत ठेवून लाइन सुरू केली, असं सेक्रेटरी बोलले. शाल, नारळ. नलिनी पहिल्या रांगेत काठी घेऊन बसली होती. मी माईकवर दोन शब्द बोललो, सगळ्यांचे आभार मानले.

तिला मी सांगितलं ते दुसऱ्या वर्षी. रोज सकाळी तिच्या उजव्या हाताची बोटं तेल लावून एकेक सरळ करायची असत. त्या दिवशी चार बोटं झाली आणि अंगठ्याशी मी थांबलो. का त्याच दिवशी, मला सांगता येणार नाही. मान खाली घालून सगळं सांगितलं. चौकातलं हसणं, एकचा आकडा, तिचा फोन, सदतीस ओळी. लाइन होती, असं मी म्हणालो, तेही. ती फाइलसुद्धा.

ती ऐकत राहिली. हात काढून घेतला नाही. सांगून झाल्यावर मी वर बघितलं. तिचे ओठ हलत होते. शब्द शोधत होती. मी वाट बघत होतो. मला वाटलं, आता ती जे म्हणेल ते मी आयुष्यभर ऐकत राहीन.

"पो," ती म्हणाली.

"पोळी हवी?"

तिनं मान हलवली. डाव्या हातानं मांडीवर थाप मारली. "पो. पोप."

"पोपट?"

"हो."

"पोपटचं काय?"

तिनं काठी घेतली आणि चपला शोधायला लागली.

मी रिक्षा आणली. पोपटचं दुकान बसस्टँडमागे होतं. आधी दोन गाळे होते, आता एक. ती रिक्षातून उतरली नाही. काठीनं दुकानाकडे दाखवलं आणि मी आत जाईपर्यंत काठी खाली घेतली नाही.

पोपट स्पीकर उघडून बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तो स्क्रू फिरवत ऐकत होता.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "खांबावर होतो मी. कशाला हात लावला नव्हता आणि चालू झालं."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू? वहिनी तशा पडल्यात आणि मी ग्राफ दाखवत हिंडू?" त्यानं स्क्रू काढून वाटीत टाकला. "तुमच्या सत्काराचा माईक माझाच होता साहेब. स्टेजच्या मागं उभा होतो. तुम्ही माईक हातात घेतला तवा वाटलं, आता सांगतील. मॅडमचे आभार मानले, तांबोळीचे मानले. म्हटलं, आता. मग तुम्ही बसला."

"मी सेक्रेटरींना लेखी देतो."

मला वाटलं होतं, तो नको म्हणेल.

"द्या," तो म्हणाला.

मग तो बाहेर गेला. रिक्षाशी वाकून म्हणाला, "वहिनी, बऱ्या हाय ना?" नलिनीनं डावा हात कपाळाला लावून त्याला नमस्कार केला आणि तो हात बराच वेळ तिथंच ठेवला. पोपट रिक्षाचा दांडा धरून उभा राहिला.

मी लेखी दिलं. सेक्रेटरी वाचून म्हणाले, "लोखंडे, आता हे कशाला?" आणि कागद फाइलला लावला. नवीन कंपनीचा करार तीन वर्षांचा होता, पोपटची लाइन काही परत आली नाही. मी नोकरी सोडली. नलिनीजवळ दिवसभर राहायला लागलो. आणखी अडीच वर्षं ती होती. गेल्या फाल्गुनात गेली, झोपेतच.

त्या अडीच वर्षांत रोज सकाळी तिचा उजवा हात माझ्या हातात असायचा. तेल लावताना मी कधी कधी थांबायचो, तिच्या तोंडाकडे बघायचो. ती खिडकीबाहेर बघत असायची किंवा माझ्याकडे. मी थांबलो की बोटं हलवून पुढे चला अशी खूण करायची.

पोपटचं तिनं मला करायला लावलं. स्वतःचं ती काहीच बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. तिला माझ्याविषयी काही म्हणायचं नव्हतं, की म्हणायचं होतं आणि त्याला शब्द उरले नव्हते, हे मला कळलं नाही.